‘नाही’च्या पुढचं

९ जानेवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक, म्हणजे माझा गुडघा सोडून. लिफ्ट पुन्हा बंद आहे. चार जिने चढताना प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी बोलावं लागतं, कारण नुसतं उभं राहून धापा टाकणं बरं दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी काल विचारलं, "तुमच्या भावाचा आवाज इतका गोड कसा हो?" मी म्हटलं, जन्मतः भोंगाच होता, गोड मी करते. त्यांना तो विनोद वाटला.

फोन कर म्हणतोस. नको. फोनवर तू माझी मुलाखत घ्यायला लागतोस. "त्या क्षणी तुला काय वाटलं, ताई?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं, म्हणजे ती शांतता भरून काढायला समोरचा नको ते बोलून जातो. तुझी ही युक्ती मला ठाऊक आहे. अकरा वर्षं तुझ्या कार्यक्रमातल्या मुलाखतींच्या शांतता मीच कापतेय.

आधी कामाचं. परवाचा भाग झाला. प्राध्यापिकाबाई एका तासात एक्केचाळीस वेळा "एका अर्थाने" म्हणाल्या. चौतीस काढले, सात राहू दिले, नाहीतर त्यांच्या घरच्यांना वाटायचं दुसरंच कुणी बोलतंय. बाईंना धर्मातलं सगळं कळतं, फक्त वाक्य कुठे संपवायचं ते कळत नाही. चित्रकथावाला मात्र मला आवडला. लहान मुलं झोपताना त्याच्या गोष्टीतल्या माकडाची प्रार्थना करतात, तशी पत्रं येतात त्याला, आणि आता त्या माकडाला गोष्टीत मारायची त्याची छाती होत नाही. तू विचारलंस, "मग या श्रद्धेला खोटी म्हणायचं का?" तो म्हणाला, "मला काय विचारता? मला अजून त्याची शेपटी नीट काढता येत नाही." हे ठेवलंय. त्यावर तू दोन मिनिटं जे बोललास ते काढलंय. रागावू नकोस, ऐकून बघ, त्यावाचून काही अडत नाही.

आता तुझी मागणी. बाबांच्या मुलाखतीचं मूळ ध्वनिमुद्रण, न कापलेलं, तुला हवंय. मार्चमध्ये तुझं पुस्तक येतंय, त्या दिवशी प्राध्यापिकाबाई आणि तो दाढीवाला शिल्पकार "विश्वास आहे का?"ला बाबांनी दिलेल्या त्या एका शब्दाच्या उत्तरावर बोलणार, आणि त्याआधी सभागृहात अंधार करून बाबांचा आवाज अखंड ऐकवायचा. पुस्तकाचं नावच ‘नाही’.

हे वाचून मी चहा टाकला आणि तो गार होईपर्यंत प्यायले नाही.

तुझा कार्यक्रम, तुझं पुस्तक, तू बघ. पण बाबांना तू आता कोण करून ठेवलंयस रे? थिएटरवरची पोस्टरं रंगवणारा माणूस. चाळीस फुटी नट, नट्या, सणासुदीला देव. छापील पोस्टरं आली तेव्हा दुकानांच्या पाट्या केल्या, ट्रकवर नंबर टाकले. आणि तुझ्या पुस्तकात ते "आपल्या काळाचे निःशब्द संशयवादी" झालेत. निःशब्द! बाबा! त्यांच्या बोलण्याने रंग वाळायचा नाही.

तू लिहिलंयस की तू बाबांच्या शिडीखाली वाढलास. बरोबर आहे. शिडी कुणीतरी धरून उभंही होतं, ते मात्र कुठे आलं नाही. असो, पानं कमी पडली असतील.

मूळ मुद्रण सापडत नाही. संगणक बदलला तेव्हा गेलं असावं. तुझ्याकडे जे आहे त्यावर भागव.

"बहीण म्हणून चार ओळी" लिहायच्या आहेत त्या मी लिहिणार नाही. मी पडद्यामागची माणूस आहे आणि आता या वयात समोर यायची हौस नाही.

वहिनीला विचारलं म्हणून सांग. तिने पाठवलेला स्वेटर दंडात घट्ट होतो, पण रंग छान आहे.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

भोंग्या,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला नकोत.

"अकरा वर्षांत तू कुणाचा एक खोकला हरवला नाहीस, आणि बाबा हरवलेस?" असं लिहिलंयस. वाक्य चांगलं आहे. एखाद्या भागात वापर.

बरं, खरं सांगते. मुद्रण आहे. कपाटात, माझ्या साड्यांखाली. देणार नाही.

प्राध्यापिकाबाईंची प्रस्तावना तू सोबत पाठवलीस ती मी दोनदा वाचली. एका शब्दावर सोळा पानं. "देव घडवणाऱ्या हातांनीच देवाला दिलेला हा नकार." "लोकप्रिय प्रतिमा आणि परमेश्वर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कारागिराचं अंतिम विधान." पहिल्यांदा मला हसू आलं. एकटीच हसत होते स्वयंपाकघरात, वेडी झाल्यासारखी. मग माझं डोकं फिरलं, पण त्यांच्यावर नाही. त्या बिचाऱ्या बाबांना कधी भेटल्याच नाहीत. तू तर त्यांच्या मांडीवर वाढलास ना? मग तू कसा विसरलास?

बाबा प्रत्येक उत्तराची सुरुवात "नाही"ने करायचे.

आठव जरा. "नाही, चहा फक्कड झालाय." "नाही, तुझं बरोबर आहे." "नाही, मला भूक लागलीच आहे, वाढ." त्यांना मुलगी बघायला नेलं तेव्हा आजोबांनी विचारलं, पसंत आहे का, तर म्हणाले, "नाही, आहे ना पसंत." पहिला शब्द ऐकूनच आत आई रडायला लागली होती. हा किस्सा तिने आपल्याला शंभर वेळा सांगितलाय, तू दर वेळी खोखो हसायचास. बँकेतल्या बाईंनी विचारलं, ही सही तुमचीच ना, तर "नाही, माझीच." त्यांनी मॅनेजरला बोलावलं होतं.

धान्यातले खडे काढावेत तसे त्यांचे "नाही" मी त्या मुलाखतीतून वेचून काढले. त्रेसष्ट निघाले. एक राहिला, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं देऊळ बांधलंत.

तू म्हणशील, मग तो एकच का ठेवलास, आणि तोही शेवटी? म्हणशीलच. तुझा धंदाच तो. तूच तर त्या आठवड्यात लिहून पाठवलं होतंस, "शेवट ‘नाही’वरच कर, अंगावर काटा येतो." मी केला. सांगितलेलं काम करते मी.

भाग लागला त्यानंतर इकडे काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस, तर आज ऐक. दर रविवारी सकाळी बाबांशी बुद्धिबळ खेळायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर यायचे. मोठे श्रद्धाळू. प्यादं हलवायच्या आधीसुद्धा डोळे मिटणारे. त्या रविवारी ते आले, पट मांडला नाही, खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "पेंटर, आमच्या प्रार्थनेच्या खोलीतलं चित्र तुम्ही काढलंत. तेरा वर्षं मी त्याच्यासमोर बसतो. आणि तुम्ही जगाला सांगता की विश्वासच नाही?"

मी दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणालो खरा तसं."

बघ, त्या उत्तरात "नाही" नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पोस्टमास्तर पुन्हा आले नाहीत. पट अजून आहे, एक उंट हरवलाय. पुढचे रविवार बाबा खिडकीशी बसून राहायचे. मी म्हटलं, मी खेळते, तर म्हणाले, "नाही, तुला हरायला आवडत नाही."

तर असा आहे तुमचा तो अंतिम विधानवाला कारागीर. आता काय ते सभागृहात अंधार करून ऐकवा.

मुद्रण देणार नाही, पुन्हा मागू नकोस.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. रोज सकाळी उत्तर लिहायला बसले आणि रोज दुसरं काहीतरी केलं. पडदे धुतले. शिल्पकाराचा भाग संपवला, त्याचा एकही श्वास शिल्लक ठेवला नाही, बाहुल्याने बोलावं तसं वाटतंय, पुन्हा करावा लागेल. पोस्टमास्तरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

तू लिहिलंयस, "ताई, पुस्तकाचं राहू दे. मला ते पुढचं ऐकायचंय, कारण तो प्रश्न मी देवाबद्दल विचारला नव्हता." मग तू ते लिहिलंयस जे मला माहीत असायला हवं होतं, कारण ते कापलं मीच होतं.

तुझा प्रश्न पूर्ण असा होता: "देवांचे डोळे काढलेत, नटांचे काढलेत. विश्वास आहे का तुमचा कशावर? देवावर, कलेवर, निदान माझ्यावर तरी?" आणि तू हसलास. मग मला निरोप पाठवलास, "‘निदान माझ्यावर तरी’ काढून टाक, बरं नाही दिसत." मला वाटलं, आता साहेबांना विनयाचं नाटक करायचंय. दोन सेकंदांचं काम होतं, केलं. तुला लागलंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नाही, थांब, खोटं लिहिणार नाही आता. आलं होतं. मला बरं वाटलं होतं.

आणि तू लिहितोस की म्हणून त्यानंतर चार महिने तू त्यांना फोन केला नाहीस. काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणतोस. कामाचं निमित्त करत राहिलास, आणि मग माझा फोन आला तो ते गेल्याचाच. बापाने तोंडावर नाही म्हटलं ते पचवता येईना, म्हणून मग त्यातून भाषणं केलीस, पुस्तक केलंस. मला वाटायचं तू मोठा झालास, आम्हाला विसरलास. वर्षभर मी शिंपीणबाईंपासून सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या भावाने शेवटी बापाला फोनसुद्धा केला नाही.

ते रोज विचारायचे. "नाही, आज त्याचा फोन येईल." सकाळी दाढी करून बसायचे, जसा काही तू फोनमधून दिसणार होतास.

आता मूग गिळून बसण्यात अर्थ नाही. सांगते, काय झालं ते.

मुलाखतीची दुपार. तू तिकडे तुझ्या काचेच्या खोलीत, बाबा इकडे आरामखुर्चीत, माईक माझ्या हातात, कारण स्टँडची उंची त्यांना पुरत नव्हती. तासभर हात वर धरून माझा खांदा भरून आला होता. तू शेवटचा प्रश्न विचारलास. बाबा म्हणाले, "नाही," आणि त्यांना खोकला आला. तेवढ्यात लाइन तुटली. तुझ्या कानात टूं टूं वाजलं असेल. बाबांना ते कळलं नाही. ते बोलत राहिले, आणि माझं मुद्रण चालू होतं.

तू पाच मिनिटांनी पुन्हा फोन केलास. मी बाहेरच्या खोलीत जाऊन घेतला. तू विचारलंस, "पुढे काही म्हणाले का ते?"

मी म्हटलं, "नाही."

बाबांचं "नाही" ही नुसती सवय होती. त्या दिवशी त्या घरात खरं "नाही" म्हणणारी मी. तुझ्या प्राध्यापिकाबाईंना सोळा पानं लिहायचीच असतील तर माझ्यावर लिहू देत.

ते काय म्हणाले, ते सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. पण आधी मी लिहून देते, कारण ते तुला पहिल्यांदा सभागृहात, लोकांसमोर ऐकायला लागू नये. एवढी तरी मी तुझी बहीण आहे.

"नाही, आहे ना. नसायला काय झालं? देवाचं मला कळत नाही बाबा, त्याचे डोळे मीच काढलेत, त्याच्यापेक्षा मलाच जास्त दिसायचं. पण तुझ्यावर आहे की रे. मी वर शिडीवर, नाकासमोर नुसता रंग. डोळा आहे की कान, मला काय कळणार? तू खालून, रस्त्याच्या पलीकडून बोंब मारायचास, बाबा, डावा डोळा खाली गेलाय! की मी ब्रश वर घ्यायचो. न बघता. इतका एवढासा होतास. त्याला विश्वास म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

हे असं. शब्दाला शब्द. मला पाठ आहे.

का कापलं, हे तू विचारशील आणि गप्प बसशील. बस. मी सांगते.

शिडी मी धरायचे, भोंग्या. तू रस्त्याच्या पलीकडे होतास म्हणून तुला चेहरा दिसायचा, मी शिडीखाली होते, मला फक्त त्यांच्या चपला दिसायच्या. माझ्या केसांत, कानांत रंग पडायचा, शाळेत पोरी मला ठिपकी म्हणायच्या. आणि म्हातारपणी नऊ वर्षं त्यांचं औषध, त्यांचं अंग पुसणं, त्यांची चादर, त्यांचा चिडका स्वभाव. मी माईक धरून उभी होते, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि ते तुझ्याबद्दल बोलत होते, जो वर्षातून दोनदा यायचास आणि जाताना त्यांना हसवून जायचास. माझ्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता म्हणा. मी शेजारच्या खोलीत होते. मला नुसती हाक मारली की झालं.

एकदा तरी माझं नाव घेतील म्हणून मी माईक जरा जवळ नेला होता. मुद्रणात ते ऐकू येतं, आवाज एकदम मोठा होतो. संकलकाने असं करू नये.

मला इतका राग आला, इतका, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी "नाही"च्या पुढे कात्री लावली. वाटलं, बघू दे त्यालाही, काही न मिळणं कसं लागतं. आठवड्याने लावीन परत, असं ठरवलं होतं. आठवड्याने भाग गाजला.

आणि बाबांना माहीत होतं. ती भिंत पातळ आहे आणि मी तो तुकडा दिवसभर वाजवत होते, कुठे कापायचं ते बघायला. भाग लागला तेव्हा ते शेवटपर्यंत ऐकत बसले. मग म्हणाले, "पुढचं कुठं गेलं?" मी म्हटलं, लाइन तुटली होती, बाबा. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नाही, असू दे." पोस्टमास्तरांसमोर माझ्याकडे बघून खोटं बोलले ते त्यानंतरच. माझ्यासाठी त्यांनी तेवढं केलं. त्यांचा रविवारचा मित्र गेला, तरी केलं. आता म्हण की त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मलाच ते तसं म्हणता येत नाही आता, आणि त्याचाही मला राग येतो.

मी माफी मागत नाहीये. मागितली तर तू मोठेपणाने देशील, आणि तुझं ते मोठेपण मला सहन व्हायचं नाही. पुस्तकाचं काय करायचं ते तू ठरव. छापून झालं असेल तर माझं नाव घालून खरं काय ते सांग, किंवा गप्प राहा. दोन्हींत माझी लायकी तीच राहते. तुझे चार महिने मला परत देता येणार नाहीत, त्यांचेही नाहीत. पुढच्या भागासाठी दुसरा संकलक बघ. चित्रकथावाल्याचा भाग तयार आहे, माकडाची शेपटी ठेवलीय.

पेनड्राइव्हवर शेवटी तुझ्याकडच्यापेक्षा अडतीस सेकंद जास्त आहेत. शेवटपर्यंत ऐक. बाबांचं बोलून झाल्यावर थोडा वेळ काही नाही, पंख्याचा आवाज आहे फक्त. मग ते म्हणतात, "ऐकतोयस ना रे?" मग म्हणतात, "गेला वाटतं. त्याला सांग हं तू."

मग एका बाईचा आवाज येतो. अकरा वर्षांत तुझ्या कार्यक्रमाच्या कुठल्याही मुद्रणावर मी माझा आवाज राहू दिलेला नाही, एवढा एक शब्द आहे, तोही मी कापला होता. ती बाई म्हणते, "सांगते."

नाही, सांगितलं.

ताई